मास्तरांचं देणं

दादाची नाडी मोजायला मला मास्तरांनी शिकवलं. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटं अलगद ठेवायची. आपला अंगठा लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि ती फसवते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं. जन्मभर मी तो हात धरून रस्ता ओलांडत आले होते, त्याची नखं कापत होते, दर भाऊबीजेला त्याच हातातून माझ्या ताटात ओवाळणी पडत होती. पण त्या मनगटाखाली काय चाललंय याची चौकशी आमच्या घरात कधी झाली नव्हती. त्या हृदयाविषयी आम्हाला फक्त भीती होती.

ती भीती कुठून आली ते आधी सांगायला हवं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, जन्म १९७५चा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे हे मिरजेच्या डॉक्टरांनी आईला बाळंतपणातच सांगितलं. पेशीतल्या एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, हे त्याचं मूळ. फ्रान्समधल्या जेरोम लेज्यून यांनी ते १९५९ साली जगापुढे मांडलं. आमच्या घरात गुणसूत्रं कोणाला ठाऊक? आईला समजलं ते एवढंच, की बाळाच्या छातीला नळी लावल्यावर डॉक्टरांना ठोक्यामागे आणखी एक आवाज ऐकू आला. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. दादाच्या हृदयात खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला लहानसं छिद्र होतं. “याला दमवू नका,” असं डॉक्टर म्हणाले.

अशी लहान छिद्रं पुष्कळदा आपसूक बुजतात. दादाचंही बुजलं. तो विशीत असताना टू-डी इको काढला, त्यात पडदा सलग दिसला. पण तोवर ‘दमवू नका’ हे घराचं वळण होऊन गेलं होतं. आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा दादा ओट्यावर बसून धावा मोजायचा, म्हणजे बोटं उघडायचा आणि मिटायचा. विशेष शाळेच्या क्रीडादिनाला तो पाहुण्यांना गुलाब द्यायचा. पुढे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यानंतर तर आई त्याला पाण्याची बादलीही उचलू देईना.

आईला मी दोष देत नाही. अमेरिकेतसुद्धा १९८३च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं. आज ते साठीच्या घरात आहे, आणि त्यात लहानपणीच होणाऱ्या हृदयशस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे. आईच्या वेळी यातलं काही हाताशी नव्हतं. तिच्याकडे होतं ते फक्त जपणं, आणि त्या जपण्याच्या बळावर तिने दादाला पस्तिशीपार आणलं.

अठरा वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळा संपते. शाळेबरोबर खेळाचा तासही संपतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. दादा कार्यशाळेत जाऊ लागला. कार्यशाळा चांगली, तिथल्या बाई जीव लावणाऱ्या. पण काम सगळं बसून. सकाळी दहा ते दुपारी चार अगरबत्त्या पुड्यांत भरायच्या, कागदी पिशव्यांना खळ लावायची, श्रावणाआधी राख्या आणि दिवाळीआधी पणत्या रंगवायच्या. रिक्षा दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची. घरी चहा, खारी, टीव्ही. ‘बिचाऱ्याला खाण्याशिवाय दुसरा आनंद कुठला’ असं म्हणत आला-गेला त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचा, आणि सांगलीतल्या घरात भडंगाचा डबा कधी रिकामा नसतो. तपासणीत थायरॉईडही मंदावलेलं निघालं. डाऊन सिंड्रोममध्ये ते पुष्कळांचं निघतं. सदतिसाव्या वर्षी दादाची उंची पाच फुटांना दोन इंच कमी आणि वजन ब्याऐंशी किलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो कठड्याला टेकायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. चढवत नाही, हे त्याला त्या हसण्यातूनच सांगता यायचं.

मास्तर कार्यशाळेत आले ते पणत्या घ्यायला. २०१२ सालची दिवाळी जवळ आली होती. एका हायस्कुलातून व्यायामशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी लाल मातीतले. त्यांचे दोन्ही कान मोडलेले आहेत. आमच्या भागात तसे कान दिसले की पुढचं विचारावं लागत नाही. पणत्या बांधून होईपर्यंत ते दारात उभे राहून आत बघत होते. मग त्यांनी बाईंना विचारलं, “ही माणसं उठतात कधी?”

“जेवायला उठतात. मग घरी जायला.”

मास्तरांनी पैसे दिले आणि गेले. सोमवारी सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून परत आले.

आईची परवानगी मागायला ते घरी आले तेव्हा मी तिथे होते. आईने पाणी दिलं आणि एकच वाक्य बोलली, “त्याच्या हृदयाला भोक होतं.” मास्तर तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. ते म्हणाले, “आक्का, मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. डॉक्टर नको म्हणाले तर मी त्याला टाळ्या वाजवायला उभा करीन. पण आधी विचारून तरी घेऊ.” आमच्या घरी येऊन ‘आधी विचारून घेऊ’ असं म्हणणारा हा पहिला माणूस. बाकी सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं.

विचारून घेतलं. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा इको केला. छिद्र बुजलेलं होतं, झडपा ठीक होत्या, दाब ठीक होते. थायरॉईडच्या गोळीचं प्रमाण बदललं. मग त्यांनी मानेचा एक्स-रे काढायला सांगितला, तेव्हा आम्ही चक्रावलो. डाऊन सिंड्रोममध्ये सांधे बांधून ठेवणारे बंध सैल असतात. मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला बंध काही जणांत इतका सैल असतो की मानेवर एकदम भार आला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. दादाची मान सुरक्षित निघाली, तरी डॉक्टरांनी कोलांटी आणि शीर्षासन वर्ज्य केलं. मास्तरांची अर्धी हयात मान कमावण्यात गेलेली. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, “फक्त याचीच, का यांच्यासारख्या सगळ्यांची मान बघायची?” कार्यशाळेत डाऊन सिंड्रोम असलेले आणखी तिघं होते. त्या महिन्यात तिघांच्याही घरी मास्तर स्वतः गेले.

त्या वहीविषयी लिहायला हवं. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येकाला दोन पानं. कोणाला फिट येते, कोणाला कोणती गोळी किती वाजता, कोणाला ऐकू कमी येतं, कोण शिट्टीला घाबरतो. शिट्टीला घाबरणारा एक जण निघाला म्हणून शिट्टी दुसऱ्याच दिवशी बंद झाली. मास्तरांनी पत्र्याचा डबा आणि टिपरी आणली.

मोजणं हा मोठा अडसर होता. ‘दहा फेऱ्या मार’ म्हटल्यावर दादाला दहा म्हणजे किती हे कळत नसे, त्यामुळे कधी थांबायचं तेही कळत नसे. आणि ज्या कामाचा शेवट दिसत नाही ते काम कोण मनापासून करील? मास्तरांनी चिंचोके आणले. निघताना प्रत्येकाच्या खिशात त्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे चिंचोके. मैदानाच्या कोपऱ्यात डबा. एक फेरी झाली की एक चिंचोका डब्यात. खिसा रिकामा झाला की व्यायाम संपला. पहिल्या आठवड्यात दादाच्या खिशात तीन चिंचोके होते. तिसरा टाकल्यावर त्याने खिसा उलटा करून सगळ्यांना दाखवला, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर दर पंधरवड्याला गुपचूप एक चिंचोका वाढवत गेले. पावसाळ्यापर्यंत त्या खिशाला फुगवटा आला होता.

मग लेझीम. आमच्या भागात लेझीम लहानपणापासून कानांत असते, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या पटांगणात. मास्तर म्हणायचे, चालायला लावलं तर ही माणसं पाच मिनिटांत कंटाळतात, ठेका ऐकला की अर्धा तास थांबत नाहीत. चार आवाज, आठ आवाज, आगे फलांग. गुडघा वाकतो, कंबर वाकते, खांद्यातून हात फिरतो, लेझमीचं वजन मनगटावर येतं आणि दम लागतो, सगळं एकाच वेळी. चुकलेला माणूस शेजाऱ्याकडे बघून सुधारतो, त्याला कोणी ओरडावं लागत नाही. हलगी वाजवायला मास्तरांच्या तालमीतला एक पोरगा यायचा. दादाला आठ आवाज यायला बरेच महिने लागले. आले त्या दिवशी त्याने घरी येऊन आईला पलंगावर बसवलं आणि लेझीम नव्हती म्हणून दोन झारे हातांत घेऊन सगळं करून दाखवलं. आई रडत होती आणि “हळू रे बाळा, हळू” म्हणत होती. तो हळू झाला नाही.

त्या गटात डाऊन सिंड्रोम नसलेलेही पुष्कळ होते. त्यांतली एक ताई पंचेचाळिशीची. चिडचिड आवरावी म्हणून तिला वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांपैकी काही भूक आणि वजन दोन्ही वाढवतात. रक्तदाब, साखर, सगळं वर गेलेलं. बौद्धिक दिव्यांग माणसांच्या मृत्यूची जी मोठी कारणं आहेत त्यांत हृदयविकार आहे, आणि त्यातला बराच भाग जन्माने आलेला नसतो. बसून काढलेल्या वर्षांचा तो हिशेब असतो. जगभरातल्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ साली निघाला, त्यात प्रौढ बौद्धिक दिव्यांगांपैकी आठवड्याचा किमान व्यायाम जेमतेम नऊ टक्क्यांचा भरत होता. शंभरातले नऊ. ही आळशी माणसं नाहीत. त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक दुसरं कोणीतरी आखतं, आणि त्या वेळापत्रकात उठण्याची वेळ नसते.

आणखी एक गोष्ट मला अजून त्रास देते. कार्यशाळेतला एक जण, वय चाळिशीच्या आतबाहेर, दोन दिवस पोटावर हात ठेवून बसत होता. बोलणं फारसं नव्हतं. घरच्यांनी पित्ताची गोळी दिली, कोणीही तेच केलं असतं. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि ते दुखणं हृदयाचं होतं हे नंतर कळलं. मास्तर त्याच्या मातीला गेले. पुढच्या सोमवारी त्यांनी भिंतीवर पुठ्ठा लावला. त्यावर माणसाचं चित्र काढलेलं. रोज व्यायामाआधी एकेकाने पुढे यायचं आणि आज कुठे दुखतंय तिथे बोट ठेवायचं. काही दुखत नसेल तर चित्रातल्या चेहऱ्याला हात लावायचा. दादा आजही सकाळी घरातल्या आरशासमोर उभा राहून स्वतःच्या गालाला हात लावतो. ‘काही दुखत नाही’ असं तो मला रोज सांगतो, आणि ज्या दिवशी सांगणार नाही त्या दिवशी मला कळेल. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी मास्तरांची ऋणी राहिले असते.

२०१९ साली मास्तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी काही महिने मुलीकडे सोलापूरला गेले. खंड पडू नये म्हणून आम्ही दादाला एका व्यायामशाळेत घातलं. चकचकीत जागा, भिंतीवर तक्ता, वय आणि नाडीचा. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, येईल ती हृदयाची कमाल गती, तिच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची. चव्वेचाळीस वर्षांच्या दादाची कमाल १७६ धरून नाडी १४०ला पोचायला हवी होती. ती १२५च्या पुढे सरकत नव्हती. तिथल्या तरुणाने धावपट्टीचा वेग वाढवला. दादा घामाघूम होऊन खाली बसला. “हा मनावरच घेत नाही,” तो मला म्हणाला, “कामचुकार आहे.” मी दादाला घेऊन घरी आले. आल्यावर त्याने जेवण केलं नाही.

माझी मुलगी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मामाला कामचुकार म्हटल्याचा तिला फार राग आला, आणि त्या रागात तिने ग्रंथालय पालथं घातलं. तिला जे सापडलं ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की जगात कुठेतरी कोणीतरी माझ्या भावाचा विचार करत बसलं होतं. अमेरिकेतल्या बो फर्नहॉल या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना चालवून, पळवून, त्यांच्या हृदयाची कमाल गती प्रत्यक्ष मोजली. ती इतरांपेक्षा सरासरी पंचवीस-तीस ठोक्यांनी कमी भरली. त्यावरून त्यांनी २००१ साली वेगळं सूत्र बसवलं. त्या सूत्राने दादाची कमाल १५४च्या आसपास येते. म्हणजे व्यायामशाळेतला तरुण ज्याचा आग्रह धरत होता ते १४० दादासाठी शिखराच्या अगदी जवळ होतं, आणि १२५वर तो खरंच कष्ट करत होता.

कारणही कळलं आहे. आपण पळू लागलो की शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि हृदयाला पुढे रेटतात. डाऊन सिंड्रोममध्ये कमाल कष्टालाही ती द्रव्यं फारशी वाढत नाहीत. हृदयाचा स्नायू तयार असतो, त्याला मिळणारी हाक क्षीण असते. याच स्वयंचलित मज्जासंस्थेच्या ढिलाईमुळे त्यांचा रक्तदाबही बहुधा कमी असतो, आणि जोरात चाललेला व्यायाम एकदम थांबवला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. डाऊन सिंड्रोम नसलेल्या ताईच्या बाबतीत यातलं बरंचसं लागू नाही. म्हणून ‘मतिमंद’ म्हणून सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवणं हा त्या दोघांवरही अन्याय.

मास्तर सोलापूरहून परतले तेव्हा मुलगी त्यांच्याकडे कागद घेऊन गेली. ते खुर्चीत, पाय स्टुलावर. तिने सगळं मराठीत समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी आकडा कधी बघितलाच नाही गं. मी त्याला लेझीम खेळताना ‘मोरया’ म्हणायला लावतो. पूर्ण म्हणाला तर चालू दे. मधेच तुटला तर हलगी हळू.” मुलीने मान डोलावली. बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा, ही कसोटी तिच्या पुस्तकातही होती. आणि शेवटी हलगी एकदम बंद न करता चार-पाच मिनिटं संथ ठेक्यावर सगळ्यांना चालवत ठेवायची त्यांची रीत तर पहिल्या दिवसापासूनची. ती त्यांना तालमीने दिलेली.

त्यांनी उलट तिलाच विचारलं, “पण फरक पडतो का? मोजलंय कोणी?” मोजलेलं होतं. शिकागोत जेम्स रिमर आणि सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या ५२ प्रौढांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला: बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तीस मिनिटं दमाचा व्यायाम आणि पंधरा मिनिटं ताकदीचा. व्यायाम करणाऱ्यांचा दमही वाढला, ताकदही वाढली. पोर्तुगालमधल्या तरुणांना सोळा आठवडे वल्हवण्याच्या यंत्रावर बसवलं होतं. तिथे प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढलेली दिसली नाही, पण तीच मुलं पूर्वीपेक्षा जास्त काम करू शकत होती. मुलगी हे जरा खट्टू होऊन सांगत होती. मास्तर म्हणाले, “जास्त वल्हवत होती ना? मग झालं. माणसाला जिना चढायचा असतो.” नेदरलँड्समध्ये पन्नाशी ओलांडलेल्या हजारावर बौद्धिक दिव्यांगांची पाहणी झाली, त्यात चालण्याचा वेग आणि मुठीची पकड चांगली असलेली माणसं पुढच्या पाच वर्षांत जास्त संख्येने जिवंत राहिली, हेही तिने वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी वहीत प्रत्येकाच्या पानावर नवा रकाना आखला: पकड.

दादाचं म्हणाल तर चमत्कार झाला नाही. वजन सात-आठ वर्षांत ब्याऐंशीवरून एकाहत्तरवर आलं, तेही मधे चढत-उतरत. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. जिना तो एका दमात चढतो आणि वर जाऊन माझी वाट बघतो. श्रावणी सोमवारी आम्ही सांगलीहून हरिपूरला चालत जातो, संगमेश्वराला. जुन्या झाडांचा तो रस्ता, जिथे कधीकाळी हळदीची पेवं होती ते गाव, आणि पलीकडे कृष्णेला मिळणारी वारणा. ज्याला आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटं सोडत नव्हतो, तो या वाटेवर माझ्यापुढे चालतो. हे सगळं मास्तरांनी केलं असं मी म्हटलं तर ते रागावतील. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, भडंगाचा डबा आईने वरच्या फळीवर ठेवला, चालला तो दादा. पण उठवलं मास्तरांनी.

२०१९च्याच ऑगस्टमध्ये पूर आला. कार्यशाळेत पाणी शिरलं. लेझमी गंजल्या, मास्तरांनी पॉलिश-कागदाने घासून, तेल लावून एकेक पुन्हा वाजती केली. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांत जास्त धास्ती मला दादाची होती, कारण अशा माणसांचा दिवस एकदा मोडला की पुन्हा बसवणं फार कठीण. टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. मास्तर. “स्पीकर लावा आणि पैलवानाला उभा करा.” पलीकडून डब्यावर टिपरी वाजू लागली. दादा स्वयंपाकघरात दोन झारे घेऊन उभा राहिला. मास्तर एकेका घरी असाच फोन लावत होते, आळीपाळीने, साडेसहापासून दहापर्यंत. त्यांच्या घरातल्या माणसांनी त्या टिपरीचा आवाज कसा सोसला, ते त्यांनाच ठाऊक. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आईने एकदा दसऱ्याला धोतरजोडी दिली, ती त्यांनी नेसली, त्याहून जास्त काही नाही. मी कृतज्ञता व्यक्त करायला गेले की ते विषय बदलून दादाच्या पकडीबद्दल विचारतात. त्यांना एकदाच मी त्यांच्याविषयी बोलताना ऐकलं. म्हणाले, “शाळेत असताना मी चांगल्या पोरांना आणखी चांगलं केलं. बक्षिसं मिळाली. या माणसांना कुणी मातीत उतरवलंच नव्हतं. मला वाटलं, ते आपल्याकडून राहून गेलंय.”

स्पेशल ऑलिंपिकचं नाव आता आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली शिकागोत त्याचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरवले. त्यात आठ वर्षांपुढचा कोणीही, कितीही वयाचा, खेळू शकतो. बर्लिनला २०२३ साली आपल्या देशाचे खेळाडू पदकं घेऊन आले तेव्हा दादा टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होता. पण मला जास्त काळजी वाटते ती मैदानापर्यंत कधीच न पोचणाऱ्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात प्रथमच अपंगत्वासह जगणाऱ्या माणसांसाठी वेगळं लिहिलं: प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, दोन दिवस ताकदीचा करावा. हे लिहून ठेवलेलं प्रत्येक कार्यशाळेच्या वेळापत्रकात उतरावं असं मला वाटतं. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. सकाळचा तास लागतो, ठेका लागतो, आणि नावानिशी वही ठेवणारा कोणीतरी लागतो.

मास्तरांचे दोन्ही गुडघे आता बदललेले आहेत. ते खुर्चीत बसतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचा तास आम्ही तिघी-चौघी बहिणी-आया मिळून चालवतो, माझी मुलगी सुट्टीला आली की नाड्या मोजते, आणि ‘हुशार!’ ही आरोळी दादा देतो, कारण ती मास्तरांनी त्याच्याकडे सोपवली आहे. लाल वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात नवी पानं शिवावी लागली.

मागच्या महिन्यात तासगावहून एक आई आली. मुलगा एकतीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, जाडजूड, तिच्या मागे उभा. ती दारातच थांबली आणि म्हणाली, “डॉक्टरांनी लहानपणी सांगितलं होतं, दमवू नका. याच्या हृदयाला झेपेल का?” मास्तरांनी खुर्चीतून माझ्याकडे बघितलं. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं, वहीत त्याचं पान काढलं आणि लिहून दिलं: टू-डी इको, थायरॉईड, मानेचा एक्स-रे, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. रिपोर्ट आले की सोमवारी सकाळी साडेसातला या. मुलाला मी तीन चिंचोके दिले, आणि ते कशासाठी आहेत हे दादा त्याला डबा दाखवून सांगू लागला.